बीदरचा मदरसा : एका विद्यागृहाची बांधणी आणि पडझड

दख्खनमध्ये मध्ययुगातील किल्ले, मशिदी, मकबरे आणि दर्गे शेकड्यांनी आढळतात. शिक्षणासाठीच म्हणून आखलेली आणि आजही ओळखू येईल अशी मध्ययुगीन इमारत मात्र क्वचितच दिसते. बीदर येथील ख्वाजा महमूद गावान यांचा मदरसा हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. बीदर शहराच्या मध्यावर चौबारा हा उंच गोल बुरूज आहे. तेथून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हा मदरसा लागतो. सुमारे २०५ फूट लांब आणि १८० फूट रुंद अशी ही तीन मजली वास्तू आज अपूर्ण दिसते. दर्शनी बाजूचा एक मनोरा उभा आहे, दुसरा नाही. उत्तरेकडील भाग बऱ्याच अंशी शाबूत आहे, तर आग्नेयेकडील भाग कोसळून गेलेला आहे.

हा अर्धवटपणा काळाच्या ओघाचा परिणाम आहे, असे पाहणाऱ्याला सहज वाटते. इतिहास वेगळे सांगतो. ही इमारत सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उत्तम स्थितीत होती. तिचा मोठा नाश एका विशिष्ट कारणाने आणि एका विशिष्ट वर्षी झाला. ते कारण समजण्यासाठी ही वास्तू कोणी, कशासाठी आणि कशी बांधली हे आधी पाहणे आवश्यक आहे.

दाभोळ ते बीदर

महमूद गावान यांचा जन्म १४११ च्या सुमारास इराणच्या उत्तरेकडील गिलान प्रांतात झाला. घराणे राजदरबाराशी संबंधित होते. दरबारी वैरामुळे त्यांना देश सोडावा लागला आणि ते व्यापारात उतरले. १४५३ च्या सुमारास ते कोकणातील दाभोळ बंदरात उतरले. त्या काळी दाभोळ हे इराण व अरबस्तानाशी चालणाऱ्या व्यापाराचे, विशेषतः घोड्यांच्या आयातीचे, महत्त्वाचे ठाणे होते. तेथून ते बीदरला आले. वयाची चाळिशी उलटलेला हा व्यापारी पुढे बहमनी राज्याचा मुख्य वजीर झाला. ‘मलिक-उत्-तुज्जार’ म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख आणि नंतर ‘ख्वाजा-ए-जहाँ’ हे किताब त्यांना मिळाले.

बीदर त्या वेळी तरुण राजधानी होती. सुलतान अहमदशहा वली याने पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गुलबर्ग्याहून राजधानी येथे हलवली होती. जांभ्या दगडाच्या पठारावर वसलेल्या या शहरात भुयारी पाटांनी पाणी आणण्याची करेज पद्धत होती. इराणातून विद्वान, सूफी, कारागीर आणि सैनिक येथे येत होते. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ मध्ये चौल बंदरात उतरला आणि पाली, उमरी, जुन्नर या मार्गाने बीदरला पोहोचला. त्याच्या प्रवासवर्णनात मलिक-उत्-तुज्जार या किताबाने गावान यांचा उल्लेख येतो. सरदारांचे वैभव आणि खेड्यातील रयतेचे दारिद्र्य यांतील अंतरही त्याने नोंदवले आहे. ज्या राज्यात मदरसा उभा राहिला त्या राज्याची ही दुसरी बाजू विसरता येत नाही.

हिजरी ८७६ : एक वर्ष, दोन घटना

मदरसा पूर्ण झाल्याचे वर्ष एका कालश्लेषातून कळते. अरबी वर्णमालेतील प्रत्येक अक्षराला ठरावीक संख्यामूल्य असते. त्यास अबजद पद्धत म्हणतात. दरबारातील एका कवीने कुरआनच्या ‘अल-बकरा’ या सूरेतील १२७ व्या आयतीमधील तीन शब्द यासाठी निवडले. काबागृहाच्या भिंती उभारताना इब्राहीम आणि इस्माईल यांनी केलेली, आपली सेवा स्वीकारली जावी अशी ती प्रार्थना आहे. या तीन शब्दांची मूल्ये अनुक्रमे २५३, ५३२ आणि ९१ भरतात. त्यांची बेरीज ८७६ येते. हिजरी ८७६ हे वर्ष जून १४७१ ते जून १४७२ या काळात पडते. इमारत उभारण्याच्या प्रसंगीची प्रार्थना आणि इमारतीचे वर्ष असे दोन्ही हेतू या निवडीने साधले आहेत.

याच हिजरी वर्षात आणखी एक घटना घडली. १४६९ पासून गावान पश्चिम किनाऱ्यावरील मोहिमेवर होते. कोल्हापूर येथे पावसाळ्यात तळ, रांगणा किल्ल्याचा ताबा, संगमेश्वरच्या राजाकडून खेळणा म्हणजे आजचा विशाळगड मिळवणे, असे टप्पे ओलांडून १ फेब्रुवारी १४७२ रोजी त्यांनी विजयनगरच्या ताब्यातील गोवा बंदर घेतले. पुढील वर्षी बेळगावचा किल्लाही बहमनी राज्यात आला. या मोहिमांचा हेतू घोड्यांच्या आणि मक्कायात्रेच्या सागरी मार्गांचे संरक्षण हा होता. अर्थात ज्या महिन्यांत बीदर येथे मदरशाचे काम पूर्णत्वाला जात होते, त्याच महिन्यांत त्याचा संस्थापक सह्याद्रीच्या रानात आणि गोव्याच्या किनाऱ्यावर होता. गोवा, बेळगाव आणि बीदर ही तीन ठिकाणे आज तीन वेगवेगळ्या प्रदेशांची वाटतात. १४७२ मध्ये ती एकाच माणसाच्या पत्रव्यवहारात एकत्र नांदत होती. ‘रियाज-उल-इन्शा’ या त्यांच्या फारसी पत्रसंग्रहात या मोहिमेसंबंधीची पत्रे आहेत.

आराखडा : राहणे आणि शिकणे एका छताखाली

इमारतीचा आराखडा साधा आणि विचारपूर्वक आहे. मध्यभागी सुमारे १०० फूट लांबीरुंदीचे चौकोनी अंगण आहे. एकूण जागेचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग त्यामुळे उघडा राहिला आहे. अंगणाच्या चारही बाजूंना मध्यभागी उंच कमानी आहेत. पूर्वेकडील कमान ही प्रवेशाची होय. उत्तर, पश्चिम आणि दक्षिण या बाजूंच्या कमानींमागे व्याख्यानाची दालने आहेत. ही दालने सुमारे ५२ फूट लांब व २६ फूट रुंद असून त्यांची उंची तीनही मजल्यांइतकी आहे. प्रत्येक दालनाचा मागील भाग बाहेरच्या भिंतीपुढे अर्ध-अष्टकोनी आकारात आलेला आहे आणि त्यावर घुमट आहे. रस्त्यावरून पाहणाऱ्यालाही व्याख्यानाची जागा कोठे आहे हे बाहेरूनच कळते.

दालनांच्या मधल्या भागांत तीन मजल्यांवर खोल्या आहेत. परंपरेने दिल्या जाणाऱ्या आकड्यांनुसार विद्यार्थ्यांसाठी ३६ खोल्या आणि अध्यापकांसाठी सहा निवासस्थाने होती, आणि निवासी विद्यार्थ्यांची संख्या १०८ होती. म्हणजे एका खोलीत तीन विद्यार्थी आणि एका अध्यापकनिवासामागे अठरा विद्यार्थी असे प्रमाण पडते. आजच्या महाविद्यालयीन वर्गातील संख्येशी हे प्रमाण ताडून पाहण्यासारखे आहे. प्रवेशाच्या दोन्ही अंगांना, मनोऱ्यांच्या लगत, मशीद आणि ग्रंथालय यांची दालने होती. नमाज, ग्रंथ, व्याख्यान, निवास ही चारही अंगे अशा रीतीने एकाच अंगणाभोवती आली.

येथे उजेड आणि हवा यांचा विचार स्पष्ट दिसतो. खोल्यांना अंगणाकडून उजेड मिळतो आणि जाड भिंतींमुळे उन्हाळ्याची झळ आत पोहोचत नाही. व्याख्यानाच्या दालनाची उंची तिप्पट असल्याने गरम हवा वर जाते आणि बोलणाऱ्याचा आवाज मोकळा पसरतो. दिवा लावून वाचणे खर्चाचे होते त्या काळात दिवसाचा उजेड हेच शिक्षणाचे मोठे साधन होते. मोकळे अंगण हा इमारतीचा रिकामा भाग समजणे त्यामुळे चुकीचे ठरेल. तो तिचा सर्वांत कामाचा भाग होता.

चार कमानींचे अंगण ही रचना इराण व मध्य आशियातील आहे. समरकंद येथील उलूगबेग याचा मदरसा (१४१७ ते १४२०) आणि खुरासानमधील खर्गिर्द येथील मदरसा (१४४४ च्या सुमारास) हे या परंपरेतील प्रसिद्ध नमुने होत. बीदरचा मदरसा त्यांच्या नंतर तीस-पन्नास वर्षांत उभा राहिला. गिलानहून आलेल्या संस्थापकाने आपल्या देशातील विद्यागृहाचा नकाशा दख्खनमध्ये आणला, असे म्हणता येते.

रंगीत दर्शनी भिंत

बाहेरून ही इमारत एके काळी रंगांनी झळकत असे. हिरव्या, पिवळ्या, निळ्या आणि पांढऱ्या चकाकीच्या फरश्यांनी दर्शनी भिंती मढवल्या होत्या. वरच्या पट्टीवर निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत कुरआनची वचने होती. त्यातील काही भाग आजही दिसतो. उभ्या असलेल्या मनोऱ्यावर फरश्यांची नागमोडी नक्षी अंशतः शिल्लक आहे. मनोरा तीन टप्प्यांचा आहे. त्याचे सज्जे दगडी घोड्यांवर टेकवलेले नाहीत. ते मनोऱ्याच्या अंगातूनच वक्राकार बाहेर येतात. हिंदुस्थानातील इतर मनोऱ्यांशी तुलना करता हा फरक चटकन लक्षात येतो.

फरश्यांचे काम इराणच्या कोरड्या हवेत शतकानुशतके टिकते. बीदरच्या पावसात ओल भिंतीत शिरली की चुन्याची पकड सुटते आणि फरशी गळून पडते. आणलेल्या कलेला नव्या हवामानात किती देखभाल लागते याचा हा धडा आहे. तथापि फरश्या गळणे वेगळे आणि भिंत कोसळणे वेगळे. फरश्या गेल्या तरी इमारतीचे काम चालू राहू शकते.

ग्रंथ आणि माणसे

महमूद गावान स्वतः लेखक होते. ‘मनाजिर-उल-इन्शा’ हा त्यांचा ग्रंथ पत्रलेखनाच्या शास्त्रावर आहे. राज्यकारभाराची भाषा फारसी असताना अचूक व प्रभावी पत्र लिहिणे ही महत्त्वाची विद्या होती. ती शिकवता येते आणि तिचे नियम सांगता येतात, ही त्या ग्रंथामागची भूमिका होय. मदरशाच्या ग्रंथालयात ३,००० हस्तलिखिते होती असे सांगितले जाते. छपाईपूर्व काळात प्रत्येक प्रत हाताने लिहिली जात असल्याने ही संख्या मोठी आहे.

इराण आणि खुरासानमधील विद्वानांना गावान पत्रे पाठवीत असत. हेरातचे मौलाना अब्दुर्रहमान जामी यांनाही त्यांनी बीदरला येण्याचे निमंत्रण दिले होते. जामी आले नाहीत, पण दोघांत पत्रव्यवहार राहिला. उत्तम इमारत बांधली म्हणजे उत्तम अध्यापक आपोआप येतात असे नाही, हे संस्थापकाला ठाऊक होते. इमारतीइतकेच कष्ट त्यांनी माणसे मिळवण्यासाठी घेतले.

१४८१ : संस्थापकाचा अंत

वजीर म्हणून गावान यांनी राज्याच्या चार तरफांचे आठ भाग केले. प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीचे किल्ले सुलतानाच्या थेट ताब्यात आणले. जमिनीची मोजणीही सुरू केली. या सुधारणांनी मोठ्या सरदारांची सत्ता कमी झाली. दरबारात जुने दख्खनी सरदार आणि बाहेरून आलेले ‘आफाकी’ असे दोन गट होते. गावान यांनी दोघांत समतोल राखण्याचा प्रयत्न केला, तरी ते स्वतः आफाकी होते ही गोष्ट विरोधकांच्या उपयोगी पडली. त्यांच्या मोहोरेचा ठसा कोऱ्या कागदावर मिळवून ओरिसाच्या राजाला लिहिलेले एक बनावट पत्र तयार करण्यात आले. सुलतान मुहम्मदशहा तिसरा याने चौकशी न करता ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडापल्ली येथील छावणीत त्यांचा वध करवला. त्यांचे वय तेव्हा सत्तरीच्या घरात होते. त्यांच्या संपत्तीचा शोध घेतला असता मोठा खजिना सापडला नाही, अशी नोंद इतिहासकार फिरिश्ता यांनी केली आहे. बीदरजवळ गोरनळ्ळी येथे त्यांची साधी कबर आहे.

सुलतान पुढील वर्षी वारला आणि राज्य फुटू लागले. १४९० च्या सुमारास विजापूर, अहमदनगर आणि वऱ्हाड येथील सुभेदार स्वतंत्र झाले. गोवा आदिलशाहीकडे गेले आणि १५१० मध्ये अल्बुकर्कने ते जिंकले. बीदर येथे बरीदशाही घराणे सत्तेवर आले. १६१९ मध्ये बीदर विजापूरच्या राज्यात सामील झाले.

मदरशाचा आधार असलेला वजीर, त्याचा सुलतान आणि त्याचे राज्य ही तिन्ही गेली. इमारत मात्र टिकली. सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरच्या दरबारात इतिहास लिहिणाऱ्या फिरिश्ता यांच्या वर्णनानुसार मदरसा, मशीद आणि त्यापुढील चौक हे जणू नुकतेच बांधून झाले असावेत इतके स्वच्छ व सुस्थितीत होते. बांधणीनंतर जवळजवळ एकशे चाळीस वर्षांनी दिलेली ही साक्ष आहे.

विद्यागृहाचे कोठार

१६५७ मध्ये शहजादा औरंगजेब याने बीदरचा किल्ला घेतला. शहराला जफराबाद हे नाव देण्यात आले. यानंतरच्या लष्करी धामधुमीत मदरशाचा उपयोग फौजेकडे गेला. खोल्यांत घोडेस्वार राहू लागले आणि मनोऱ्यालगतच्या दालनांत दारूगोळा साठवण्यात आला. लष्करी दृष्टीने ही सोय उघड होती. किल्ल्याच्या वाटेवर, जाड भिंतींची, शेकडो माणसांना पुरेल अशी बांधलेली जागा आयतीच मिळाली होती.

१६९६ मध्ये त्या दारूचा स्फोट झाला. प्रवेशद्वाराचा मोठा भाग, दक्षिणेकडील मनोरा आणि आग्नेयेकडील बाजू उद्ध्वस्त झाली. वीज पडून इमारत कोसळली, असेही काही ठिकाणी सांगितले जाते. ठिणगी आकाशातून आली की माणसाच्या हातून पडली, याने मूळ मुद्दा बदलत नाही. ग्रंथांच्या दालनात ठिणगी पडली तर ग्रंथ जळतात, भिंती काळ्या पडतात, छताचे नुकसान होते. तीन मजली दगडी इमारतीचा कोपरा उडून जाण्यासाठी तेथे दारू साठवलेली असावी लागते.

म्हणून बीदरच्या मदरशाचा नाश हा वयाचा किंवा कमकुवत बांधकामाचा परिणाम मानता येत नाही. जो भाग स्फोटातून वाचला तो त्यानंतरही सव्वातीनशे वर्षे उभा आहे. बांधणी पक्की होती. बदलला होता तो उपयोग. विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या जागेला कोठार केल्यामुळे इमारत गेली. नाशाचा खरा आरंभ स्फोटाच्या दिवशी झाला नाही. ज्या दिवशी या दालनांत वाचन थांबले आणि पिंपे येऊ लागली, त्या दिवशी तो झाला.

हा नाश राजसत्तेच्या धर्मावरून समजावता येत नाही, हेही येथे स्पष्ट होते. मदरसा बांधणारे मुसलमान होते आणि त्याचे कोठार करणारेही मुसलमान सत्तेचेच सेनाधिकारी होते. युद्धाच्या गरजेपुढे विद्यागृहाची गरज गौण ठरली, हे या घटनेचे साधे स्पष्टीकरण आहे आणि ते अनेक देशांच्या इतिहासाला लागू पडते.

जतन आणि अभ्यास

विसाव्या शतकात या वास्तूचा शास्त्रीय अभ्यास झाला. हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये पुरातत्त्व विभाग स्थापन केला आणि गुलाम यजदानी त्याचे प्रमुख झाले. त्यांच्या काळात बीदरच्या वास्तूंची मोजमापे घेतली गेली, शिलालेख वाचले गेले आणि दुरुस्त्या झाल्या. बीदरच्या इतिहासावरील व वास्तूंवरील त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. गावान यांच्या पत्रसंग्रहाच्या प्रकाशनाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. इमारत आणि तिच्या संस्थापकाची पत्रे यांचा अभ्यास एकाच हातून पुढे जावा, ही गोष्ट मोलाची आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. बीदर शहर तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात गेले. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे आले आणि आज ते महाराष्ट्राच्या लातूर जिल्ह्यात आहेत. बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी आणि बसवकल्याण या भागांत मराठी बोलणारे आजही मोठ्या संख्येने राहतात. मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू या चार भाषांच्या सरहद्दीवर ही वास्तू उभी आहे. आज ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असून २०१४ मध्ये दख्खनच्या सुलतानशाहीतील वास्तूंच्या गटात बीदरचा समावेश जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला.

अध्यापकांसाठी काही निष्कर्ष

इतिहासाच्या अध्यापनात बीदरचा मदरसा बहुधा महमूद गावान यांच्या धड्यातील एका वाक्यापुरता येतो. प्रत्यक्षात तो तीन विषयांचे साधन होऊ शकतो. पहिला विषय म्हणजे आराखड्यावरून संस्था ओळखणे. अंगण, दालन, खोली आणि ग्रंथालय यांचे परस्परांतील अंतर विद्यार्थ्यांनी नकाशावर काढले, तर त्या काळी शिक्षणात निवासाला आणि गुरुजनांच्या सहवासाला किती स्थान होते हे पाठांतराविना कळते. दुसरा विषय साधनांच्या परीक्षणाचा. कालश्लेष, पत्रे, प्रवासवर्णन, फिरिश्ता यांची बखर आणि भिंतींची मोजमापे ही पाच प्रकारची साधने एकाच इमारतीविषयी बोलतात, आणि प्रत्येकाची विश्वासार्हता वेगळी आहे. तिसरा विषय उपयोगाचा. शाळेच्या इमारतीचे रक्षण पहारेकऱ्याने होते त्याहून अधिक ते वर्ग भरण्याने होते.

आपल्या अनेक गावांत शंभर-सव्वाशे वर्षांच्या जुन्या शाळा आहेत. त्यांपैकी काहींचे वर्ग नव्या इमारतीत गेले आहेत आणि जुन्या खोल्यांत धान्याची पोती, मोडके बाक किंवा मंडपाचे सामान पडले आहे. तेथे दारूगोळा नाही, पण उपयोग बदलण्याची क्रिया तीच आहे. अशा शाळांच्या जुन्या हजेरीपटांची यादी करणे, इमारतीची मोजमापे घेऊन नकाशा तयार करणे आणि निदान एका खोलीत वाचनालय किंवा सायंवर्ग चालू ठेवणे, ही कामे महाविद्यालयातील एक अध्यापक आणि दहा-बारा विद्यार्थी एका सत्रात करू शकतात. त्यासाठी मोठ्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. हजेरीपट हाती आल्यास गावातील कोणत्या कुटुंबांतील मुले आणि मुली केव्हापासून शाळेत येऊ लागल्या हेही कळेल, आणि तो स्थानिक इतिहासातील एक स्वतंत्र अभ्यासविषय ठरेल.